ब्रेकने हवा धरली

भोकरदन असो, अंबड असो की मंठा, जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या आसपास मोटरसायकलचा मिस्त्री सापडतोच. पुढच्या ब्रेकने हवा धरली, लिव्हर दाबली की पोकळ लागते, अशी तक्रार घेऊन गाडी आली तर तो फार विचार करत नाही. कॅलिपरची निप्पल ढिली करायची, लिव्हर दाबत राहायची, बुडबुडे संपेपर्यंत तेल सोडायचं, वरून बाटलीतलं ब्रेक ऑइल भरायचं. हे काम त्याच्या हातात बसलेलं आहे. बसणारच. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या पलीकडे वाळूज. बजाजचा कारखाना तिथे १९८५ पासून आहे, आणि दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचं मुख्यालयही तिथेच. मराठवाड्यातल्या आयटीआय झालेल्या मुलांनी या पट्ट्यात नोकऱ्या केल्या, त्यातल्या काहींनी गावी परतून गॅरेजं टाकली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक या भागाला अनोळखी राहिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत याच मिस्त्रींच्या दारात रुंद टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या गिअरच्या सायकली येऊ लागल्या आहेत. त्यांचा ब्रेक म्हणजे मोटरसायकलच्या ब्रेकची छोटी आवृत्ती. लिव्हरपाशी मास्टर सिलिंडर, तिथून निघालेला बारीक होज, चाकापाशी कॅलिपर, त्यात दोन पिस्टन, दोन पॅड आणि मधून फिरणारी पोलादी डिस्क. सगळं ओळखीचं. म्हणून मिस्त्री बाटली उचलतो आणि तेल भरतो. सायकल दोन-चार दिवस चांगली चालते. मग लिव्हर दाबली की परत येईनाशी होते, कॅलिपरच्या कडेने तेल पाझरतं, आणि मालकाचं मत होतं की हे हायड्रॉलिक प्रकरण आपल्याकडच्या रस्त्यांसाठी नाही, आपला तारेचा ब्रेकच बरा.

ब्रेकवर हा अन्याय आहे. सायकलच्या सगळ्या हलत्या भागांमध्ये हायड्रॉलिक ब्रेकइतका कमी देखभालीत चालणारा भाग क्वचितच सापडेल. तारेच्या ब्रेकमध्ये केबलच्या नळीत काळ्या मातीची धूळ शिरते, पावसाळ्यात तार गंजते, आणि दर महिन्याला ती ओढून बसवावी लागते. हायड्रॉलिकचं तेल बंद नळीत असतं, तिथे धूळ पोहोचत नाही. पॅड झिजला की पिस्टन तेवढा आपोआप पुढे सरकतो. बहुतेक बिघाडांचं मूळ तो बसवताना आणि हाताळताना झालेल्या मोजक्या चुकांत असतं, आणि त्या आधी कळल्या तर टाळता येतात.

त्यासाठी आत काय चालतं ते बघू. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलं. ब्रेकमध्ये हा नियम असा कामाला येतो. समजा मास्टर सिलिंडरचा पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि कॅलिपरमधला प्रत्येक पिस्टन २२ मिलिमीटरचा. पहिल्याचं क्षेत्रफळ ७८ चौरस मिलिमीटरच्या थोडं वर, दुसऱ्याचं ३८०. म्हणजे वर दहा किलोचा जोर पोहोचला तर खाली प्रत्येक पॅडवर अठ्ठेचाळीस किलोंचा पडतो. शिवाय लिव्हर ही स्वतः तरफ आहे, तिने बोटाचा जोर आधीच वाढवलेला असतो. एका बोटाने जड सायकल थांबते ती यामुळे.

पण जोर वाढला की अंतर घटतं. कॅलिपरचे दोन्ही पिस्टन एक मिलिमीटर सरकायला मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला जवळजवळ दहा मिलिमीटर सरकावं लागतं. पॅड आणि डिस्क यांच्यात दोन्ही बाजूंना फट असते ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणून एवढ्याशा लिव्हरने काम भागतं. आता हवेचा बुडबुडा आत शिरला असं धरा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. मास्टर सिलिंडरच्या एक मिलिमीटर सरकण्यातून जेमतेम ०.०८ मिलिलिटर तेल पुढे जातं, म्हणजे एक-दोन थेंब. एवढ्याच मापाचा बुडबुडा ते सगळं सरकणं एकटा गिळून टाकतो, आणि लिव्हरच्या टोकाशी त्याचे कित्येक मिलिमीटर होतात. मिस्त्री ज्याला ब्रेकने हवा धरली म्हणतात तो प्रकार इतक्या थोड्या हवेने घडतो.

कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबरी सील असते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे जातो, सील त्याला धरून किंचित मुरडते, आणि लिव्हर सोडली की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे ओढते. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा निसटून पुढची जागा धरतो. ब्रेक आपोआप जुळतो तो या रबरामुळे, आणि चुकीच्या तेलाने सगळ्यात आधी नासतं तेही हेच रबर.

मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये डीओटी ३ किंवा डीओटी ४ तेल असतं. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. सायकलींमध्ये मात्र शिमानो, टेक्ट्रो, मगुरा या कंपन्या मिनरल ऑइल वापरतात. होपचे ब्रेक डीओटीवर चालतात. स्रॅमचेही वर्षानुवर्षं डीओटीवरच होते, अलीकडच्या काही मॉडेलांत त्यांनी मिनरल आणलं आहे. दोन्ही तेलांसाठी सीलचं रबर वेगवेगळं लागतं. मिनरलच्या ब्रेकमधलं रबर डीओटीत फुगतं आणि मऊ पडतं. डीओटीच्या ब्रेकमधल्या रबराची मिनरलमध्ये तीच गत होते. फुगलेली सील पिस्टनला जखडून टाकते. मग तेल काढून धुतलं, नवं भरलं तरी उपयोग होत नाही, सील बदलाव्या लागतात. सायकलच्या बऱ्याच लिव्हरना आणि कॅलिपरना सुट्या सील मिळतच नाहीत, तेव्हा पूर्ण ब्रेक टाकून द्यावा लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सायकलींवर शिमानो आणि टेक्ट्रोचे ब्रेक बरेच दिसतात, आणि गॅरेजच्या फळीवर मात्र डीओटीचीच बाटली असते. जालन्यातला सगळ्यात मोठा धोका तो हाच.

ओळख अवघड नाही. कोणतं तेल घालायचं ते लिव्हरवर किंवा तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. शिमानोचं तेल लालसर असतं, मगुराचं निळं, डीओटी पिवळट. पण रंगावर शेवटचा भरवसा ठेवू नये, लिहिलेलं वाचावं. मिनरल म्हटलं की कुठलंही खनिज तेल चालेल असा एक समज आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल गावात सहज मिळतं आणि तेही खनिजच असतं. पण त्याचा दाटपणा वेगळा, त्यातली मिसळणं वेगळी. बारीक होजमधून ते ब्रेकला हवं तसं धावत नाही. कंपनीच्या तेलाची छोटी बाटली मागवून घरी ठेवावी आणि मिस्त्रीकडे जाताना सोबत न्यावी. हात त्याचा, तेल आपलं, हा व्यवहार माझ्या मते उत्तम.

दोन तेलांचे स्वभावही वेगळे आहेत. डीओटी हवेतला ओलावा शोषतं. डीओटी ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून ते वर्ष-दोन वर्षांनी बदलावं लागतं. शिवाय ते रंग खातं, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. मिनरल पाणी शोषत नाही. त्यामुळे ते जास्त टिकतं, पण आत शिरलेलं पाणी वेगळं राहून सर्वांत खालच्या जागी, कॅलिपरमध्ये साठतं, आणि ते शंभर अंशांना उकळतं.

उकळण्याची गोष्ट जालन्यात कशाला, असं कुणी म्हणेल. जिल्हा बराचसा सपाट आहे. गोदावरी आणि दुधनेच्या काठचा दक्षिण भाग तर अगदीच. डोंगर आहेत ते भोकरदन-जाफराबादच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या रांगेचे. पण सायकलवाले जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाहीत. अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणारा घाट किंवा कन्नडचा औट्रम घाट ही इथल्या मुलांची सुट्टीतली ठिकाणं. हिशेब करून पाहा. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, आणि शंभर मीटर उंची ब्रेक दाबत हळूहळू उतरली, तर सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. ती एक लिटर पाण्याला एकवीस अंश तापवेल, म्हणजे विशेष काही नाही. पण सायकलच्या दोन्ही डिस्कचं मिळून वजन पाव किलोच्या आसपास असतं. हवेने काहीच थंड केलं नाही असं धरलं, तर तेवढ्या पोलादाचं तापमान सातशे अंशांहून जास्त चढेल. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता वाहून नेते म्हणून तसं होत नाही. तरी घाट उतरल्याबरोबर डिस्कला बोट लावू नये, कातडी सोलून निघते.

म्हणून उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये. सरळ रस्त्यावर, जपून, सायकलला थोडं धावू द्यावं, कारण वेगात वारा बरीच ऊर्जा स्वतःच खातो. वळणाआधी दोन्ही ब्रेक दमदार दाबावेत आणि पुन्हा सोडावेत. पुढच्या ब्रेकला घाबरण्याची आपल्याकडे रीत आहे. तो दाबला की माणूस पालथा पडतो असं लहानपणापासून ऐकवलं जातं. खरं म्हणजे थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम तेच करू शकतं. अंग मागे नेऊन, हात ताठ न ठेवता तो हळूहळू वाढवत दाबला तर सायकल उलटत नाही. नवी सायकल घेतल्यावर कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे ते आधी पाहावं. मोटरसायकलवर तो उजव्या हाताला असतो आणि घाईच्या क्षणी हात त्याच सवयीने दाबतो. सायकलवर तो डावीकडे असेल तर होज बदलून घेणं शहाणपणाचं.

तापल्यावर ब्रेक दोन प्रकारे दगा देतो आणि त्यांतला फरक लिव्हरवर कळतो. लिव्हर कडक आहे पण सायकल थांबत नाही, तेव्हा पॅडचा पृष्ठभाग भाजून गुळगुळीत झालेला असतो. थांबून गार होऊ द्यावं, पॅड नंतर काढून पाहावेत. लिव्हर सरळ हँडलपर्यंत जाते, तेव्हा तेल किंवा त्यातलं पाणी उकळून वाफ झालेली असते. ही जास्त गंभीर गोष्ट. भराभर लिव्हर मारून मिळेल तेवढा दाब गोळा करायचा, दुसऱ्या ब्रेकने थांबायचं, आणि पुढे निघण्याआधी तेल बदलायचं.

जालन्याच्या सपाटीवर मात्र ब्रेकचा पहिला शत्रू आहे माती. काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि पावसाळ्यात चाकाला गोळा होऊन बसते. त्या चिखलात बारीक खडे असतात आणि डिस्कबरोबर ते पॅडमध्ये ओढले जातात. रेझिनचे पॅड मऊ, आवाज कमी, थंड असताना चांगली पकड, पण चिखलात ते झपाट्याने झिजतात. धातूचे सिंटर्ड पॅड कडक, जरा आवाज करणारे, पण टिकाऊ. पावसाळ्यात शेतरस्त्यांनी जाणाऱ्याने सिंटर्ड घ्यावेत असं माझं मत आहे. मात्र आधी डिस्कवर काय कोरलंय ते वाचावं. स्वस्त सायकलींच्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. ते पोलाद मऊ असतं, धातूचा पॅड त्याला लवकर खातो. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ झाली की बदलायची असते. पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड संपला. धातूच्या पट्टीपर्यंत वाट पाहिली तर डिस्कही जाते.

दुसरा शत्रू आहे तेलाचा फवारा. गॅरेजात मोटरसायकलची सर्व्हिसिंग झाली की खालून डिझेल किंवा तेल मारून गाडी चकचकीत करण्याची पद्धत आहे. सायकलवर हे कधीही होऊ देऊ नये. साखळीवर मारलेल्या वंगणाचा तुषार, गंज सोडवायचा स्प्रे, फ्रेमचं पॉलिश, एवढंच काय तेलकट बोटंसुद्धा पॅडला पुरतात. पॅड सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो. मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. पॅड गॅसवर भाजणं, पॉलिश पेपरवर घासणं हे उपाय लोक करतात, पण त्यांवर उतारावरचा जीव सोपवावा असं मी कुणाला सांगणार नाही. पॅड नवे घालावेत आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कापडाने पुसावी. पाण्याने भिजल्यावर येणारी ओरड वेगळी, ती दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर जाते.

नव्या सायकलीच्या बाबतीत एक तक्रार फार ऐकू येते: डिस्क असूनही ब्रेक लागत नाही. कारण बहुतेक वेळा एवढंच की तो बसवलेला नसतो. पॅडचा बारीक थर डिस्कवर सारखा पसरला की पकड येते, आणि हे काम मालकाने स्वतः करायचं असतं. जालन्याजवळच्या घाणेवाडीच्या बाजूचा एखादा मोकळा रस्ता सकाळी गाठावा. ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्यावा आणि एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यावं. चाक लॉक होऊ द्यायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. असं वीस ते तीस वेळा, मग दुसऱ्या ब्रेकचं तेच. पकड कशी वाढत जाते ते हाताला कळतं. पॅड बदलले की हे पुन्हा करावं लागतं.

डिस्क पॅडला घासून सर्र सर्र आवाज येत असेल तर आधी चाक नीट बसलंय का पाहा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे ढिले करावेत, लिव्हर दाबून धरावी, म्हणजे कॅलिपर डिस्कवर आपोआप मध्यभागी येतो, आणि तशीच धरून बोल्ट आळीपाळीने आवळावेत. शिमानो ६ ते ८ न्यूटन मीटर सांगते, म्हणजे छोट्या पान्याने एका हाताचा बेताचा जोर. तरीही एकच पॅड चिकटत असेल तर तो पिस्टन धुळीने अडखळतोय. चाक आणि पॅड काढून त्याची कड पुसायची, त्याच जातीच्या तेलाचा थेंब कापसाच्या काडीने लावायचा, लिव्हरने तो थोडा बाहेर आणायचा आणि प्लास्टिकच्या टायर लिव्हरने मागे ढकलायचा. असं काही वेळा केलं की तो सुटतो. स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, पिस्टनचा टवका उडतो.

पंक्चरच्या दुकानातली एक सवय या ब्रेकला बाधते. बाभळीच्या काट्यांचा आणि सराट्याचा हा मुलूख, पंक्चर नेहमीचं. दुकानदार सायकल उचलतो आणि सीट-हँडलवर उलटी ठेवतो, साध्या सायकलीसाठी वर्षानुवर्षं केलं तसं. हायड्रॉलिक ब्रेकच्या लिव्हरपाशी तेलाची जी छोटी टाकी असते तिच्यात थोडी हवा असेल, तर उलटं ठेवल्यावर ती होजच्या तोंडाशी जाते. अशा वेळी लिव्हर दाबली की हवा आत. सायकल सरळ केल्यावर काही वेळ तशीच उभी ठेवावी, लिव्हर हलकेच पुष्कळदा दाबावी, बहुतेक वेळा हवा परत वर येते. आणि चाक काढलेलं असताना कुणीही लिव्हर दाबू नये, विशेषतः भोवती जमलेल्या पोरांनी. पिस्टन एकमेकांना भिडतात आणि डिस्क परत आत जात नाही. सायकल टेम्पोतून किंवा रेल्वेने न्यायची असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी ठेवली तरी पुरे.

हवा काढायची वेळ आलीच, तर मोटरसायकलची रीत इथे तशीच चालत नाही. मोटरसायकलच्या टाकीत बरंच तेल मावतं. सायकलच्या लिव्हरमध्ये काही मिलिलिटरच असतं, आणि दोन-तीन दाबांत टाकी रिकामी होऊन नवी हवा आत ओढली जाते. म्हणून इथे खालून वर काम करायचं. चाक आणि पॅड आधी काढून दूर ठेवायचे, पिस्टन पूर्ण मागे ढकलून मध्ये ब्लॉक घालायचा, लिव्हर जमिनीला समांतर करून तिच्यावर तेलाचं फनेल लावायचं, आणि कॅलिपरच्या निप्पलला पिचकारी जोडून तेल वर चढवायचं. हवेला वर जायचंच असतं, तिला वाट द्यायची. मध्ये मध्ये होजला टिचक्या मारायच्या.

पिस्टन मागे ढकलण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झिजलेल्या पॅडवर तेल टाकीत काठोकाठ भरलं, आणि पुढच्या महिन्यात नवे जाड पॅड घातले, तर मागे सरकलेल्या पिस्टनचं तेल जाणार कुठे? टाकीतला रबरी पडदा फाटतो किंवा तेल बाहेर येतं. नाही आलं, तर मे महिन्याच्या उन्हात उभ्या सायकलीतलं तेल तापून फुगतं, त्याला जागा नसते, आणि पॅड स्वतःहून डिस्कला चिकटतात. सायकल ढकलताना जड लागते आणि मालक बेअरिंग तपासत बसतो.

नवी सायकल घेणाऱ्याला फार महागाच्या ब्रेकची गरज नाही. या जिल्ह्यासाठी दोन पिस्टनचा साधा ब्रेक, पुढे १८० किंवा १६० मिलिमीटरची डिस्क, भरपूर झाली. चार पिस्टन उंच डोंगर उतरणाऱ्यांसाठी. किमतीपेक्षा विचारावं ते हे, की या ब्रेकचे पॅड कुठे मिळतात आणि तेल कोणतं. पॅडचा आकार कॅलिपरगणिक बदलतो, तालुक्याच्या दुकानात तो मिळेलच असं नाही. एक जादा जोडी घेऊन ठेवावी. आणि मिनरलचा ब्रेक असेल तर लिव्हरजवळ चिकटपट्टी लावून तिच्यावर मराठीत ठळक लिहावं: मिनरल ऑइल, डीओटी घालू नये. सायकल दुरुस्तीला नेणारा दर वेळी मालकच असतो असं नाही.